नोझावा ओन्सेनला स्कीइंगसाठी जाताना: पहिल्यांदा बर्फावर उभं राहणाऱ्यांपासून सरावलेल्यांपर्यंत

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. जपानमधल्या नोझावा ओन्सेनच्या डोंगरावर लिफ्ट सगळ्यात वर जिथे सोडते, ती यामाबिकोची जागा १६५० मीटर. म्हणजे जवळजवळ सारखीच. तरीही तिथे दर हिवाळ्यात दहा मीटरहून जास्त बर्फ पडतो. याचं कारण घाटमाथ्यावरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. आपल्याकडे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि कोकणावर, घाटावर रिते होतात. जपानात हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे, गोठवणारे वारे निघतात, त्यामानाने उबदार असलेल्या जपान समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि होन्शू बेटाच्या डोंगररांगांना धडकून सगळं बर्फाच्या रूपाने टाकतात. हवा थंड असल्यामुळे तो बर्फ हलका आणि भुसभुशीत राहतो. जगभरातले स्कीअर जपानला जातात ते या बर्फासाठी.

जपानमध्ये स्कीची ठिकाणं शेकड्यांनी आहेत. होक्काइदोतलं निसेको सगळ्यात प्रसिद्ध आहे, नागानो प्रांतातलं हाकुबा आकाराने मोठं आहे. तरी घरच्या माणसांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नोझावा ओन्सेनच सुचवते. आम्ही सात जण गेलो होतो. त्यात गुलमर्गला दोन हिवाळे स्की शिकलेला माझा भाऊ होता, बर्फ आयुष्यात प्रथमच पाहणारी आई होती आणि दहा वर्षांची भाची होती. अशा गटाची अडचण अशी असते की एकाला जमतं ते दुसऱ्याला झेपत नाही, मग निम्मे लोक खाली चहा पीत बसतात. नोझावात सोपा उतार पायथ्याशी आहे तसा डोंगराच्या मध्यावरही आहे, आणि गोंडोलातून, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेतून, वर जाऊन गोंडोलातूनच खाली येता येतं. त्यामुळे नवख्यालाही डोंगर बघायला मिळतो. शिवाय ही मुळात गरम पाण्याच्या झऱ्यांची जुनी वस्ती आहे, स्कीसाठी नव्याने उभारलेली वसाहत नाही. १९२३ साली गावकऱ्यांनीच इथे स्की क्लब काढला. १९३० साली ऑस्ट्रियाचे नामवंत स्की शिक्षक हान्नेस श्नायडर जपानला आले तेव्हा ते इथेही येऊन गेले. त्यांच्या नावाचा एक अवघड उतार आजही आहे.

कधी जायचं

हंगाम साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पण सुरुवातीला बर्फ पुरेसा साचलेला असेलच असं नाही, आणि एप्रिलनंतर फक्त वरचा भाग उरतो. भुसभुशीत बर्फ हवा असेल तर मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी. मात्र याच दिवसांत सतत हिमवृष्टी होते, वरच्या भागात पारा उणे दहाच्या खाली जाऊ शकतो आणि समोरचं नीट दिसत नाही. सरावलेल्या माणसाला हेच हवं असतं. नवख्याला मात्र पांढऱ्या आकाशात पांढरी जमीन कुठे संपते तेच कळत नाही आणि भीती वाढते.

म्हणून गटात शिकणारे जास्त असतील तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य निवडा. बर्फ भरपूर असतो, ऊन पडायला लागतं, गर्दी थोडी ओसरते. मुलांची परीक्षा मार्चमध्ये संपत असेल तर मार्चचा शेवटचा आठवडाही चालतो. दुपारी खालचा बर्फ ओला आणि जड होतो, तेव्हा सकाळी लवकर निघून दोनच्या आत थांबायचं. नाताळ ते नववर्ष, चिनी नववर्षाचा आठवडा आणि जपानी सुट्ट्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार शक्य तर टाळा. तेव्हा खोल्या महाग असतात आणि लिफ्टला रांगा लागतात.

किती दिवस? पाच रात्री. तीन रात्रींत येण्याजाण्याचे दिवस वजा केले तर नवख्याच्या हाती फक्त पडण्याचा भाग येतो. तिसऱ्या दिवशी शरीराला गोष्ट उमगते, आणि खरा आनंद चौथ्या दिवशी सुरू होतो. एका सहलीत दोन-तीन स्की-ठिकाणं करण्याचा मोह मात्र आवरा.

कागदपत्रं आणि विमा

भारतीय पासपोर्टवर जपानचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो. शुल्क कमी असतं, पण रोजचा कार्यक्रम, राहण्याचं आरक्षण आणि बँकेची कागदपत्रं व्यवस्थित लागतात. हंगामात अर्ज वाढतात, तेव्हा दीड-दोन महिने आधी तयारी करा.

विम्याबद्दल मात्र इथे थांबून वाचा. प्रवासाच्या साध्या पॉलिसीत 'हिवाळी खेळ' बहुतेक वेळा वगळलेले असतात. पॉलिसीची कलमं उघडून स्कीइंग हा शब्द शोधा. नसेल तर तो वाढवून घ्या आणि तसं लेखी उत्तर मागवा. 'आखलेल्या उतारांवरच संरक्षण' अशीही अट असते. आमच्या गटातल्या एकीच्या पॉलिसीत ही गोष्ट निघण्याच्या चार दिवस आधी लक्षात आली, आणि ती बदलून घेण्यात सगळ्यांची झोप गेली. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं ही स्कीइंगमधली सर्वसामान्य दुखापत आहे, आणि परदेशात त्याची तपासणी व घरी परतण्याची सोय दोन्ही महाग पडतात. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक फोनमध्ये ठेवा.

टोकियोहून गावात

टोकियो किंवा उएनो स्थानकावरून होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन पकडायची आणि ईयामाला उतरायचं. पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. 'हाकुताका' नावाची गाडी ईयामाला थांबते, 'कागायाकी' थांबत नाही. घाईत चुकीचं तिकीट काढलं तर नागानोला उतरून गाडी बदलावी लागते. २०१५ मध्ये हा मार्ग नागानोच्या पुढे वाढला आणि ईयामाला स्थानक आलं, त्यामुळे नोझावा खूप जवळ आलं आहे. स्थानकाबाहेरून 'नोझावा ओन्सेन लायनर' बस सुटते, ती पंचवीस मिनिटांत गावात सोडते. शेवटची बस किती वाजता आहे ते आधी बघून मगच गाडीचं आरक्षण करा. विमान दुपारनंतर उतरणार असेल तर त्या रात्री टोकियोतच राहा. रात्रभरच्या प्रवासानंतर अंधारात, बर्फात, चढणीच्या गल्लीत बॅगा ओढत मुक्काम शोधणं वयस्कर माणसांना फार जड जातं.

बॅगांसाठी जपानमध्ये 'ताक्क्यूबिन' ही घरपोच सामान पोचवण्याची उत्तम सेवा आहे. विमानतळावरच्या काउंटरवर मोठी बॅग दिली की ती एक-दोन दिवसांत मुक्कामी पोचते. पहिल्या दोन दिवसांचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवायची, बाकी सगळं पाठवून द्यायचं. परतीच्या वेळी मुक्कामाच्या ठिकाणाहूनही ते पाठवता येतं.

कुठे राहायचं

ओयु हे गावातलं मुख्य स्नानगृह आहे आणि हिकागे हा स्कीच्या डोंगराचा एक पायथा. या दोन्हींच्या मधे कुठेही जागा मिळाली तर उत्तम. गाव उतारावर वसलेलं आहे, नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर स्की बूट घालून चढताना फार लांब वाटतं. गावातून हिकागेकडे जाणारा एक झाकलेला सरकता रस्ता आहे, त्याला 'यू रोड' म्हणतात. त्याच्या खालच्या तोंडाजवळ मुक्काम असेल तर सकाळची दमछाक वाचते. दुसरा पायथा नागासाकाचा, तिथून मोठा गोंडोला सुटतो.

'मिन्शुकु' म्हणजे घरगुती खानावळ-मुक्काम आणि 'र्योकान' म्हणजे पारंपरिक सराई. खोलीत तातामीच्या चटया, रात्री त्यावर फुतोनची गादी. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी खाटेची खोली आहे का ते आधी विचारा, कारण दिवसभर स्की करून जमिनीवरून उठणं अवघड होतं. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून दर सांगितला जातो. हंगामात गावातल्या खानावळी लवकर भरतात, त्यामुळे निम्म्या रात्री तरी जेवणासकट घ्या.

कपडे: सुती काहीही नको

अंगालगत सुती बनियन, सुती पायमोजे, जीन्स यांतलं काही चालणार नाही. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मलचा थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट-पँट. तीन पातळ थर हे एका जाड स्वेटरपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण चढउतारात आणि लिफ्टवर बसून शरीराचं तापमान सारखं बदलत राहतं. थर्मल, हातमोजे आणि मोजे पुण्या-मुंबईत खेळाच्या मोठ्या दुकानांत मिळतात. जॅकेट-पँट मात्र विकत घेऊ नका, गावात भाड्याने मिळतात. हेल्मेट भाड्याने घ्या आणि घालाच.

मोजे एकच जोड घालायचा, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर बुटात सुरकुत्या पडतात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गारठतात. गॉगल हिमवृष्टीत वापरायला फिकट पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा बघा, काळी काच ढगाळ दिवशी निरुपयोगी ठरते.

बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कुठल्याही परदेशी मार्गदर्शकात सापडली नसती. जोडवी घरी काढून ठेवा. स्की बूट इतका घट्ट असतो की तासाभरात जोडव्याखालची कातडी सोलते. शिवाय गावातल्या झऱ्यांत गंधक आहे आणि चांदी त्याने काळी पडते. पैंजण, चांदीच्या अंगठ्या, सगळं घरी ठेवा.

सामान भाड्याने घेताना

पोचलेल्या संध्याकाळीच दुकानात जा, सकाळी गर्दी असते. स्की, बूट आणि काठ्या मिळून दिवसाला साधारण चार ते सहा हजार येन पडतात, जास्त दिवसांना सूट मिळते. दुकानात तुमची उंची, वजन, वय, पायाचं माप आणि स्की किती येतं ते लिहून घेतात. हे सगळं खरं सांगायचं. बूट स्कीला ज्या कड्यांनी जोडलेला असतो त्या पडल्यावर आपोआप सुटल्या पाहिजेत, आणि किती जोराला सुटायच्या ते याच आकड्यांवरून ठरवतात. संकोचाने वजन कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटते, आणि येतं त्यापेक्षा जास्त येतं असं सांगितलं, तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

जपानमध्ये बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये असतं. घरी कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजून न्या. बूट बसला की नाही ते असं ओळखा: सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकतात, गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की बोटं मागे सरकून मोकळी होतात. टाच उचलली जायला नको. थर्मलची पँट बुटाच्या आत कोंबू नका, आत फक्त मोजा. आणि बूट टोचत असेल तर भिडस्तपणा सोडून बदलून मागा. पहिल्या दिवशी रडवेले होणारे बहुतेक जण उतारामुळे होत नाहीत, चुकीच्या बुटामुळे होतात.

पहिला दिवस: हिकागे

नवख्याने शिक्षक घ्यायचाच. भाऊ, नवरा, मित्र यांनी शिकवायचं नाही, त्यांना स्वतःला येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही, आणि घरच्या माणसावर आवाज चढतो. इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा गावात आहेत, पण जागा आठवडे आधी भरतात. मुलांसाठी वेगळे गट असतात. निदान पहिले दोन दिवस सकाळचा अर्धा दिवस शिकवणी ठेवा आणि दुपारी तेच घोटा.

हिकागेचा उतार रुंद आहे. तिथे आधी नुसतं बूट घालून चालायचं, मग एका पायात स्की, मग दोन्ही. पहिली शिकायची गोष्ट म्हणजे थांबणं. दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकलेली, म्हणजे इंग्रजी उलट्या 'व्ही'सारखा आकार करून टाचांनी बाहेर दाबायचं. जपानी शिक्षक याला 'बोगेन' म्हणतात, हा शब्द जर्मनवरून आला आहे. वेग भीतीदायक वाटला की माणूस आपोआप मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीवरचा ताबाच जातो. नडगी सतत बुटाच्या जिभेला टेकलेली आहे ना, एवढं एकच मनात ठेवा. हात पुढे, जणू दोन्ही हातांनी भरलेलं ताट धरलं आहे. नजर स्कीच्या टोकांकडे नको, जिथे जायचं तिकडे.

पडायचं तर कुशीवर. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता घसराल. चेअरलिफ्टवर बसताना काठ्या एका हातात घेऊन मागे बघायचं, खुर्ची पोटऱ्यांना लागली की बसायचं आणि दांडी खाली ओढायची. उतरताना स्कीची टोकं वर, मग उभं राहून सरळ घसरत पुढे निघून जायचं, तिथेच थांबायचं नाही. भीती वाटत असेल तर लिफ्टच्या माणसाला हाताने खूण करा, तो लिफ्ट हळू करतो. आईसाठी त्याने दर वेळी केली.

आईने दुसऱ्या दिवशी शिकवणी सोडली, आणि ते अगदी योग्य झालं. ज्यांना स्की करायचंच नाही त्यांनाही गोंडोलाने वर जाऊन यायला मिळतं, त्यासाठी वेगळं तिकीट असतं. वर जाऊन बर्फाने लगडलेले बीच वृक्ष बघणं हाही पुरेसा कार्यक्रम आहे.

दुसऱ्या दिवसापासून वर

बोगेनने वळता आणि थांबता यायला लागलं की हिकागे गोंडोलाने उएनोताइराकडे जा. तिथला 'पॅराडाइज' उतार रुंद, लांब आणि सौम्य आहे. नोझावातले साधारण ४० टक्के उतार नवख्यांसाठी, बाकीचे मध्यम आणि अवघड यांत वाटलेले. जपानच्या नकाशांवर हिरवा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड अशी खूण असते. पाय थकले की स्कीवर खाली उतरण्याचा हट्ट धरू नका, गोंडोलात बसून उतरा. दिवसाच्या शेवटी, थकलेल्या मांड्यांनी केलेल्या 'अजून एकदा'मध्येच जास्त लोक दुखावतात.

उएनोताइराहून खाली येणारा 'रिनकान' म्हणजे झाडांमधून जाणारा सोपा रस्ता आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी नवख्यांनी तो करावा. अरुंद आहे, पण उतार कमी आहे. स्नोबोर्डवाल्यांना, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरणाऱ्यांना, मात्र सपाट पट्ट्यांवर थांबायला होतं आणि पाय सोडवून चालावं लागतं.

मध्यम स्तराच्या स्कीअरसाठी 'स्कायलाइन' हा नोझावाचा खरा मान. डोंगराच्या सोंडेवरून नागासाकाकडे उतरणारा हा लांब उतार, दोन्ही बाजूंना दरी, खाली चिकुमा नदीचं खोरं. तो सकाळी पहिल्या गोंडोलाने जाऊन करा. रात्री यंत्राने सपाट केलेला बर्फ तेव्हा कॉर्डुरॉयच्या कापडासारखा रेषारेषांचा असतो. अकरानंतर तिथे गर्दी होते आणि अरुंद जागी बर्फ खरवडून कडक होतो.

सरावलेल्यांनी हिमवृष्टीनंतरच्या सकाळी यामाबिको गाठावा. वरच्या भागातला बर्फ सगळ्यात हलका असतो, आणि यंत्राने न दाबलेल्या पट्ट्या तिथे मिळतात. श्नायडर उतार उभा आणि उंचवट्यांचा आहे, मांड्यांत ताकद असेल तरच. भाऊ गुलमर्गच्या उंचीशी तुलना करत होता. तिथे गोंडोला ३९०० मीटरच्या वर नेतो आणि दम लागतो, इथे तो प्रश्नच येत नाही, त्यामुळे दिवसभर करता येतं.

आखलेल्या सीमेच्या दोरीखालून मात्र जायचं नाही. दोरीपलीकडे ताज्या बर्फात कोणाच्या तरी स्कीच्या खुणा दिसतात आणि मन ओढ घेतं. पण पलीकडे हिमस्खलन होतं, ओढ्यांवर बर्फाचे पोकळ पूल असतात आणि झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचे खड्डे असतात. त्यात डोकं खाली होऊन पडलेल्या माणसाला स्वतः निघता येत नाही. शोधमोहिमेचा खर्चही त्या माणसावरच पडतो. सीमेबाहेर जायचंच असेल तर प्रशिक्षित वाटाड्या, शोधयंत्र, फावडं आणि सळई यांसह.

उतारावरचा नियम साधा आहे: पुढचा, म्हणजे खालचा माणूस आधी. मागून येणाऱ्याने अंतर राखायचं. थांबायचं ते कडेला, आणि उंचवट्याच्या लगेच खाली कधीच नाही, कारण वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

एका दिवसाच्या लिफ्ट पासचा दर सात हजार येनच्या वर गेला आहे. पहिल्या दिवशी नवख्याने पूर्ण पास घेऊ नये, सकाळचा बराच वेळ पायथ्याशीच जातो. अर्ध्या दिवसाचा पास किंवा मोजक्या फेऱ्यांचं तिकीट मिळतं का ते विचारा. वारा जोरात असला की वरच्या लिफ्ट बंद ठेवतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी कुठल्या चालू आहेत ते बघून घ्या. मधला एखादा दिवस मोकळा ठेवा. जिगोकुदानीची बर्फातल्या गरम पाण्यात बसणारी माकडं इथून फार लांब नाहीत, किंवा नागानोला जाऊन झेन्कोजी मंदिर पाहून येता येतं.

शाकाहारी माणसाचं जेवण

हा भाग आधी ठरवला नाही तर हाल होतात. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशि' हे पाणी आहे, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं. त्यामुळे मिसो सूप, सोबाच्या शेवयांबरोबरचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या यांत मांस दिसत नाही तरी मासा असतो. डोंगरावरच्या खानावळीत मिळणाऱ्या 'करी राइस'च्या रश्शात बहुधा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते. 'व्हेजिटेरियन' या शब्दाने भागत नाही. मांस नको, मासा नको, माशाचं दाशि नको, हे तिन्ही वेगळं सांगावं लागतं. जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी आरक्षण करतानाच कळवा, आयत्या वेळी ते काही करू शकत नाहीत.

हाताशी असणारे पर्याय: उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचं सारण असलेला ओनिगिरी (भाताचा गोळा), साधा भात, तोफू. नागानोचे 'ओयाकी' म्हणजे भाजलेले किंवा वाफवलेले भरलेले गोळे, त्यांत लाल भोपळा, वांगं, गोड राजम्यासारख्या अझुकीचं पुरण किंवा नोझावानाची भाजी असते, पण मसाल्यात काय घातलंय ते विचारून घ्या. नोझावाना ही गावाची खास पालेभाजी. गावातल्या केन्मेइजी मंदिराच्या भिक्षूने अठराव्या शतकात क्योतो-ओसाकाच्या कान्साई भागातून सलगमाचं बी आणलं आणि इथल्या मातीत कंद राहून पानंच वाढली, अशी कथा सांगतात. तिचं खारवलेलं लोणचं भाताबरोबर मुळ्याच्या पाल्याची आठवण करून देतं. मेतकूट, कोरडी चटणी, भडंग, डिंकाचे लाडू घरून न्या. मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत.

संध्याकाळ: तेरा स्नानगृहं

गावात 'सोतोयु' म्हणजे गावकऱ्यांची सार्वजनिक स्नानगृहं तेरा आहेत. सगळी विनामूल्य. जुन्या काळापासून आसपासच्या घरांचे 'यु-नाकामा', म्हणजे पाणी वाटून घेणारे शेजारी, ती आळीपाळीने धुतात आणि सांभाळतात. दाराशी दानपेटी असते, तिच्यात नाणी टाका. तुम्ही त्यांच्या घरात अंघोळ करत आहात, हे धरूनच वागायचं. ओयुची इमारत जुन्या लाकडी धाटणीची आहे आणि गावाचं केंद्र तेच.

पुरुष आणि बायकांची दारं वेगळी असतात. आत पूर्ण विवस्त्र व्हायचं, पोहण्याचा पोशाख चालत नाही. आपल्याकडच्या बायकांना हे फार अवघड वाटतं, मलाही वाटलं. पण आत कोणी कोणाकडे बघत नाही, सत्तरीच्या आजी आपापल्या गप्पांत असतात, आणि दहा मिनिटांत संकोच विरून जातो. नाहीच जमलं तर मुक्कामाच्या ठिकाणी कुटुंबापुरतं स्नानघर मागून बघा. टाकीत उतरण्याआधी बाहेर बसून अंग धुवायचं. साबणाचा फेस टाकीत जाता कामा नये, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे.

पाणी फार गरम असतं. आधी पायांवर तांब्यातांब्याने घ्या, मग हळू उतरा, पाच मिनिटांत बाहेर. नळ उघडून गार पाणी घालता येतं, पण आत कोणी असेल तर विचारून. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि मद्य घेतलेल्यांनी जपून. ओगामा नावाचं उकळतं कुंड फक्त गावकऱ्यांच्या स्वयंपाकासाठी आहे, तिथलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं. कुंपणाबाहेरून बघा.

गल्ल्यांतून चालताना छपरांखालून चालू नका, साचलेला बर्फ अचानक कोसळतो. रस्ते रात्री काचेसारखे होतात, बुटांना लावायचे रबरी काटे दुकानात मिळतात. १५ जानेवारीला दोसोजिन या वाटांच्या राखणदार देवतेचा अग्निउत्सव असतो. गावातले ४२ आणि २५ वर्षांचे पुरुष लाकडी मंदिर राखतात आणि बाकीचे गावकरी मशाली घेऊन ते पेटवायला येतात. त्या दिवसांत राहायचं असेल तर वर्षभर आधी खोली घ्यावी लागते, आणि ठिणग्या उडतात म्हणून भाड्याचं जॅकेट घालून जाऊ नये.

काही छोट्या दुकानांत कार्ड चालत नाही. टपाल कार्यालयातल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात, पण वेळा मर्यादित असतात, टोकियोतच रोख काढून ठेवा. स्कीचं सामान शेवटच्या संध्याकाळीच परत करा आणि ईयामाची बस सकाळी दहानंतरची घ्या. सोतोयु हिवाळ्यात सकाळी सहापासून उघडी असतात, त्या वेळी ओयुमध्ये बहुतेक गावकरीच असतात. निघण्याआधी तिथे जाऊन या.